बंडीखालची कुत्री

मी तांड्यावर गेले होते शाळेत घालायच्या मुलींची यादी घेऊन, आणि परत आले एक कुत्री घेऊन. यादीत नऊ मुली होत्या. त्यांतली एकही त्या वर्षी शाळेत आली नाही.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्याच्या तोंडची. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती, महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आणि शाळेच्या छापील फॉर्मांवर जुन्या राज्याचं नाव खोडून आम्ही हातानं नवं लिहीत होतो. मी बावीस वर्षांची. दिग्रस आणि दारव्हा यांच्यामधल्या एका कापूस बाजाराच्या गावात, मुलींच्या प्राथमिक शाळेवर नुकतीच लागले होते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. त्यांतली काही अजून आहेत. कुत्रीलाही नाव होतं, पण माणसांना नाही तर तिलाही नको.

तांडा गावापासून कोसभर. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेणारे हे लोक आता आपापली शेती करत एका टेकाडाच्या उतारावर वसले होते. यादीतल्या दोन मुली जिच्या होत्या तिच्या अंगणात मी तासभर बसले. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चोळीवर आरसे, मांडीवर शेळीचं पिल्लू. माझं सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “पोरी शाळेत आल्या तं बकऱ्या कोन चारन? तुमी?”

“सकाळची शाळा आहे. दुपारी येतील की चारायला.”

“बकरी दुपारलोक थांबते काय, बाई?” ती हसली. मग तिनंच विषय बदलला. “गावात कोनासंग राह्यता?”

“एकटीच. खोली घेतली आहे.”

“एकटी!” तिनं शेजारणीला हाक मारून ही बातमी सांगितली. दोघींनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग ती उठली, अंगणातल्या गाडीखालून एक पिवळसर, लांब पायांची, बारीक कमरेची कुत्री सोडून तिनं दोरी माझ्या हातात दिली. “पोरगी तं नाही देत. हे घेऊन जा. वर्षाची हाये. राखन करते.”

मला नाही म्हणता आलं नाही. मी सगळं वहीत टिपून चालणारी, आणि नाही म्हणायचं कारण त्या वहीत लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. तांड्यावरची कुत्री बंडीखाली वाढतात. पिल्लू चालू लागलं की त्याला आसाला बांधतात आणि बंडी निघाली की ते दोन चाकांच्या मधून चालतं. वर सावली, बाजूला चाकं, पुढे बैलांचे पाय. बंडी बाजारात उभी केली की राखणदार तयारच. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त एवढं पाहिलं की घरी येताना ही कुत्री रस्त्याच्या मधोमध, मान खाली घालून, इकडेतिकडे न बघता चालते. मला वाटलं, काय गुणी आहे!

घरी आल्यावर दोरी सोडली ती सोडलीच. ती माझ्यामागे शाळेत यायची, व्हरांड्यात पसरायची, मुली डब्यातली भाकर तिला टाकायच्या. पहिलीच्या मुली तिच्या अंगावर डोकं टेकून पाढे म्हणायच्या. तिनं कधी कुणाला दात दाखवले नाहीत. संध्याकाळी मी विहिरीवर गेले की ती विहिरीवर. गावभर तिची ओळख झाली आणि तिच्यामुळे माझीही. “मास्तरीनबाई आल्या वाटते, कुत्री आली,” असं लोक म्हणायचे.

तो कापूस यायचा हंगाम होता. त्या दिवसांतलं ते गाव अजून डोळ्यांपुढे आहे. पहाटेपासून बैलांच्या घंटा, जिनाचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, एकसुरी घरघराट, सरकीचा तेलकट वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना बंड्यांतून उडालेला कापूस अडकून राहायचा आणि सकाळच्या उन्हात ती काटेरी झाडं फुलल्यासारखी दिसायची. आता त्या रस्त्यानं ट्रक जातात, त्यांवर ताडपत्री असते. बाभळी रुंदीकरणात गेल्या.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दोन दिवस आधी दवंडी आली. कोतवाल डफडं वाजवत आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. “ऐका हो ऐका! बाजाराच्या दिवशी कोनी आपलं कुत्रं मोकळं सोडू नये हो! ज्याचं कुत्रं त्यानं दोरीनं धरावं! गळ्यात पट्टा अन् बिल्ला नसन, तं ते कुत्रं नगरपालिकेचा मुकादम घेऊन जाईन हो!”

मुकादम कुत्रं नेतो म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. ते परत येत नसे.

मला दवंडीची भाषा आवडली. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गाला मी तीच शुद्धलेखनाला घातली. ‘सार्वजनिक जागी आपले कुत्रे मोकळे सोडू नये.’ मुलींनी पाट्यांवर लिहिलं, मी ‘सार्वजनिक’मधल्या चुका काढल्या. संध्याकाळी वहीत आमच्या गल्लीतल्या कोणकोणत्या कुत्र्यांना बांधायला हवं तेही टिपून ठेवलं. तीन होती. सोनाराचं अंगावर यायचं, पिठाच्या चक्कीवरचं सायकलींमागे धावायचं, आणि एक म्हातारं खरजेचं. माझी कुत्री त्या तिघांत नव्हती. ती कुणाला चावत नव्हती. मग तिला कशाला दोरी?

बाजार गुरुवारचा. पिशवी घेऊन मी निघाले, कुत्री मागे. जिनाच्या फाटकापासून बाजारापर्यंत कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली असे. बांबूच्या ताट्या लावून शिगोशीग भरलेल्या बंड्या मुंगीच्या चालीनं पुढे सरकत. कुत्रीला ती रांग दिसली की ती सरळ एखाद्या बंडीखाली शिरायची आणि तिच्या आपल्या जुन्या चालीनं चालू लागायची. मागच्या दोन बाजारांना तसंच झालं होतं. बंडीवाले हसायचे. एकजण म्हणाला होता, “बाई, तुमची कुत्री आमच्या बंडीवर नोकरीले लागली जी!” मीही हसले होते. खरं तर मला कौतुक वाटलं होतं.

त्या गुरुवारी ती ज्या बंडीखाली शिरली तिच्याखाली त्या बंडीचंच कुत्रं बांधलेलं होतं.

पुढचं सगळं पाच-दहा श्वासांत झालं. खाली गुरगुर, मग एकदम दोन्ही कुत्र्यांचा कल्लोळ. बांधलेल्याला पळता येईना, माझ्या कुत्रीला बाहेर पडता येईना. दोरी डावीकडच्या बैलाच्या मागच्या पायात गेली. बैल उधळले. बंडीवाला चाळिशीचा शेतकरी होता, जुवाजवळ उभा राहून पुढच्याशी बोलत होता. त्यानं कासरा ओढला, पाय घसरला, तो पडला, आणि भरल्या बंडीचं चाक त्याच्या उजव्या पावलावरून गेलं. बंडी नालीत जाऊन कलंडली. कापूस रस्त्यावर पसरला आणि त्या पांढऱ्या ढिगाऱ्यातून माझी कुत्री अंग झाडत बाहेर आली, शेपूट हलवत माझ्याकडे.

लोकांनी त्याला उचलून सावलीत ठेवलं. तो ओरडला नाही. पावलाकडे बघत नुसता म्हणाला, “अरे, बैल धरा. बैल धरा पयले.”

“कुत्री कोनाची हाये?” मागून आवाज आला. खाकी कोट, हातात वेताची काठी, पांढऱ्या मिशा. सफाईचा मुकादम होता.

लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग एक बाई हळूच म्हणाली, “मास्तरीनबाईची.”

मी पुढे झाले. तोंडून काय निघालं ते मला अजून ऐकू येतं. “माझी आहे. पण ती चावत नाही हो.”

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. “चावली नाही, बाई. पाय तं मोडला ना?”

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून कुत्रीच्या गळ्यात टाकलं आणि चालू लागला. ती त्याच्यामागे निघालीसुद्धा, मान खाली घालून, गुणी पोरीसारखी. मी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिले. भर बाजारात, डोक्यावरचा पदर सांभाळायचं भान नाही, पिशवी रस्त्यावर पडलेली.

“मुकादम, मी बांधते. आजपासून बांधते.”

“सगळे असंच म्हनतात.”

“एक संधी द्या.”

तो थांबला. त्यानं मिशीवरून हात फिरवला. “माही नात तुमच्या शाळेत हाये, चौथीत. काल पाटी दाखवत होती मले. सार्वजनिक जागी आपले कुत्रे मोकळे सोडू नये. ‘आजोबा, आमच्या बाईनं लिहाले सांगतलं.’ मले लय चांगलं वाटलं, बाई. अन् आज पाहतो तं काय?”

मी मान खाली घातली.

“त्या पाटीपायी आठ दिवस,” तो म्हणाला. “पुढच्या बाजारी मी इथंच उभा राहीन. जिनाच्या फाटकापासून बाजारालोक, या बंड्याइच्या लाइनीच्या बाजूनं, हिले दोरीनं नेऊन दाखवा. एका बंडीखाली जरी घुसली, तं मी नेतो. मंग मले काही म्हनू नका.”

त्या आठवड्याची वही माझ्याकडे आहे. पहिल्याच पानावर मी कामं लिहून काढली होती. पट्टा करून घेणं, दोरी, साखळी, बिल्ल्याचा अर्ज, कुणाला विचारायचं, रोज किती वेळ चालवायचं. एकूण नऊ कामं, प्रत्येकापुढे दिवस. अक्षर अगदी सुबक आहे.

चांभाराकडून पट्टा झाला. काथ्याची दोरी आणली, ती पहिल्या रात्रीत कुरतडली. सुताची आणली, तीही. मग लोखंडी साखळी. साखळी तिला तोडता येईना, म्हणून ती रडायला लागली. सकाळभर, मी शाळेत असताना, एका सुरात. घरमालकीण काकू विधवा, एकट्या. त्यांचे यजमान जिनात वजनकाट्यावर होते, तीन वर्षांपूर्वी गेलेले. काकूंनी शनिवारी दारातच मला गाठलं.

“हे पाय, बाई, तू भाडेकरू म्हनून चांगली हायेस. पन हे रडनं मले झेपत नाही. माह्या घरी मानूस गेला तवा बी एवढं कोनी रडलं नाही.”

“फक्त गुरुवारपर्यंत, काकू.”

“अन् गुरुवारी काय होईन?”

मी सांगितलं. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. गावात कुणाला नव्हतं? त्या कुत्रीकडे बघून म्हणाल्या, “कोन्या मुहूर्तावर आनलं व तुले!” आणि आत जाऊन तिच्यासाठी ताकातली भाकर घेऊन आल्या.

दोरीनं चालवायला नेलं की तऱ्हा आणखी वेगळी. रिकाम्या रस्त्यावर ती जमिनीला चिकटून बसायची. ओढलं की चारी पाय रोवायची. आणि लांबून चाकाचा आवाज आला की मला ओढत त्याच्याकडे धावायची.

रविवारी मी तिला घेऊन कोसभर चालत तांड्यावर गेले. तोंडाशी आलेलं वाक्य होतं, “तुमची तुम्ही परत घ्या.” ते म्हटलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण तिला बघून तांड्यावरच्या त्या बाईनं हसत विचारलं, “काय जी बाई, पसंत पडली ना?” आणि मी म्हणाले, “पडली. पण बांधता येत नाही.”

सगळं ऐकून ती आधी खूप हसली, मग त्या शेतकऱ्याच्या पायाचं ऐकून गप्प झाली. उठून तिनं कुडातली एक हातभर लांब तेंदूची काठी ओढून काढली. काठीचं एक टोक पट्ट्याला घट्ट बांधलं, दुसऱ्या टोकाला दोरी. कुत्रीनं मान वळवली, पण काठी मानेबरोबर वळली. तिचे दात दोरीपर्यंत पोचेनात. दोन-तीन गिरक्या घेऊन ती वैतागून बसली.

“आता कुरतड म्हना,” ती बाई म्हणाली.

“आणि चालणं?”

“बाई, तिनं रस्ता कुठं पाह्यला? जलमापासून चाकच पाह्यलं. दोन चाकाइच्या मधी तिचं घर हाये. तुमी तिले मोकळ्या रस्त्यानं नेता, तं तिले भेव वाटते. तुमच्यापाशी चाक हाये काय?”

परतीच्या वाटेवर मी हा एकच प्रश्न घोकत होते. बंडी मला परवडणारी नव्हती. शाळेत फक्त एक चाक होतं, झेंड्यावरच्या अशोकचक्राचं. घरी पोचल्यावर काकूंच्या पडवीत नजर गेली. भिंतीला टेकवून, जुन्या धोतरात गुंडाळून, त्यांच्या यजमानांची सायकल उभी होती. तिला कुणी हात लावायचा नाही असा गल्लीतला अलिखित नियम होता.

मी विचारलं. काकू भाजी निवडत राहिल्या. जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, “तुले चालवता येते?”

“नाही. ढकलत नेईन.”

“ढकलत!” त्यांना हसू आवरेना. “अव, गाव काय म्हनन?”

“गावानं काय म्हणायचं ते म्हणून झालंय, काकू.”

त्यांनी स्वतः धोतर सोडलं. चाकांत हवा नव्हती. पिठाच्या चक्कीवरून पंप आणला, आणि त्या वयात पदर खोचून त्यांनी स्वतः हवा भरली. मला भरू दिली नाही.

सोमवारपासून बुधवारपर्यंत, शाळा सुटल्यावर, साऱ्या गावानं पाहिलं ते असं. नऊवारीतली मास्तरीण एक उंच काळी सायकल ढकलत चालली आहे, सायकलच्या दांडीला दोरी, दोरीला काठी, काठीला कुत्री, आणि कुत्री मागच्या चाकाला खेटून, मान खाली घालून, रांगेतल्या बैलासारखी शांत चालली आहे. पहिल्या दिवशी पोरांची वरात मागे होती. हॉटेलवाला ओरडला, “बाई, पुढच्या आठवड्यात कुत्री सायकल चालवन अन् तुमी मांगं बसा!” मी म्हणाले, “मग चहा तुमच्याकडे, फुकट.” मंगळवारी हसणारे निम्मे झाले. बुधवारी सोनारानं मला थांबवून ती काठी नीट पाहून घेतली आणि संध्याकाळी त्याचं कुत्रंही काठीला बांधलेलं दिसलं.

एक गोष्ट मला बुधवारी कळली. पायडल उलटं फिरवलं की मागच्या चाकात कटकट असा आवाज होतो. त्या आवाजाला ती कान टवकारायची आणि चाकाकडे यायची. तेही मी वहीत लिहून ठेवलं.

गुरुवारी बंड्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. मुकादम फाटकाशी उभा होता. आज तमाशा आहे हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळे बाजारातली निम्मी माणसं भाजी न घेता रस्त्याकडे तोंड करून उभी. मी सायकल घेऊन निघाले. डावीकडे मी, मध्ये सायकल, उजवीकडे कुत्री, आणि तिच्या पलीकडे हातभर अंतरावर बंड्यांची चाकं. एक गेली, दोन गेल्या, दहा गेल्या. काही बंड्यांखालची कुत्री तिच्यावर भुंकली. ती चाकाला आणखी चिकटली.

फाटक आणि बाजार यांच्या मध्यावर एक बंडी होती, खाली मोकळी, कुत्रं नसलेली. चाकांमध्ये ऐसपैस सावली. कुत्री थांबली. दोरी ताणली. तिनं त्या सावलीकडे मान लांब केली, पुढचे पाय वाकवले. मी ओढलं नाही. ओढलं की ती पाय रोवते हे मला माहीत होतं. मी नुसतं पायडल उलटं फिरवलं. कट कट कट कट. तिचे कान हलले. आणखी फिरवलं. मागे कुणीतरी म्हणालं, “गेली, गेली!” पण ती गेली नाही. ती वळली, माझ्या मागच्या चाकाला नाक लावलं, आणि आम्ही पुढे निघालो.

बाजाराच्या तोंडाशी मुकादम आमच्या आधी येऊन थांबला होता. त्यानं कोटाच्या खिशातून पितळी बिल्ला काढला, स्वतः वाकून पट्ट्यात अडकवला आणि म्हणाला, “दोरी सुटली तं बिल्ला मी काढून घेईन, हे लक्षात ठेवा.” लोक हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. काकू कधी आल्या होत्या कोण जाणे, त्या डोळे पुसत होत्या. कुत्रीसाठी की सायकलसाठी, मी विचारलं नाही.

मी परत वळले तेव्हा एका बंडीवरून हाक आली. “बाई!”

बंडी हाकणारी एक बाई होती. तीस-पस्तिशीची, उन्हानं रापलेली, हातात कासरा. तिच्यामागे, कापसावर, पाय लांब करून तो शेतकरी बसला होता. पावलाला हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधलेल्या. बंडीखाली त्यांचं कुत्रं.

“लय चांगलं शिकवलं जी तुमी कुत्रीले,” ती म्हणाली.

मला वाटलं, कौतुक करते आहे. मी हसले.

“आठ दिवस वहीत लिहू लिहू शिकवलं म्हनतात. चांभार झाला, तांडा झाला, सायकल झाली.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “आमचं गाव इथून दोन कोस हाये, बाई. तांड्याले जाऊन यायले लागते तेवढंच. या आठ दिवसात एक दिवस आमच्या दारात काहून नाही आल्या?”

“जाऊ दे व,” शेतकरी मागून म्हणाला.

“कायले जाऊ दे? वेचनी मीच करून राह्यली, बंडी बी मीच आनून राह्यली. विचारते फक्त.”

त्या सबंध आठवड्यात मी माझी वही रोज उघडली होती. नऊ कामं होती, एकेक करून सगळ्यांवर रेघ मारली होती. त्या माणसाचं त्यात नावच नव्हतं. मी विसरले होते असंही नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आले होते, त्याला गावी नेलं असं कळलं, आणि मी तिथेच थांबले होते. मला कुत्री वाचवायची होती.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. एवढ्या लोकांपुढे ते म्हणणं फार जड गेलं. पण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

मग तिनं बैलांना चुचकारलं. “चुकलं तं रविवारी वेचनीले या. पाहू तुमची वही काय म्हनते.”

ती टोमणा मारत होती. येईन असं तिला वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी मी काकूंची सायकल ढकलत, कुत्री दांडीला बांधून, दोन कोस चालत तिच्या दारात उभी राहिले, तेव्हा ती भाकरी थापत होती. आधी तिनं सायकलकडे पाहिलं, मग कुत्रीकडे, मग माझ्याकडे. “जेवल्या काय?” एवढंच विचारलं.

त्या हंगामातले सगळे रविवार मी तिच्या शेतात गेले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिची बंडी सोडलेली असे, एका चाकाला तिचं कुत्रं, दुसऱ्याला माझी, दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवून. शेतकरी कुबडी घेऊन बंडीत बसे आणि दोघांवर नजर ठेवी. पहिल्या दिवशी दोन्ही कुत्र्यांची गुरगुर झाली, तिसऱ्या रविवारी संपली. पाय दोन महिन्यांत जमिनीला लागला. जरा वाकडा राहिला तो कायमचाच. दुपारी बाभळीखाली ठेचा, भाकर आणि कांदा. ती बाई वेचता वेचता गाणी म्हणे, माझ्या शहरी बोलीची नक्कल करी, आणि आम्ही दोघी हसून हसून ओळ चुकत असू. इतका स्वच्छ, थंड, उन्हाचा हिवाळा मी पुन्हा पाहिला नाही. पाहिला असेनही, पण त्यात कापूस वेचला नाही.

कुत्री पुढे अकरा वर्षं माझ्याबरोबर राहिली. बदलीच्या प्रत्येक गावी, प्रत्येक बाजारात, दोरीनं. अखेरची काही वर्षं तिला काठीचीही गरज नव्हती, तरी मी ती काढली नाही. आता मी पन्नाशी ओलांडली आहे. संध्याकाळी फिरायला जाते तिथे हिरवळीवर मोकळी सोडलेली गुबगुबीत कुत्री भेटतात, आणि त्यांचे मालक लांबूनच ओरडतात, “घाबरू नका, काही करत नाही!” मी त्यांना काही सांगत नाही. थांबते, आणि कुत्रं धरेपर्यंत पुढे पाऊल टाकत नाही.

शेवटच्या वेचणीच्या दिवशी त्या बाईनं माझ्या कमरेला बांधलेली ओटी सोडून त्यातला कापूस बघितला. त्यात निम्मा काडीकचरा. तिनं मूठभर उचलून नवऱ्याला दाखवला. तो हसला.

“बाई,” ती म्हणाली, “पुढच्या साली बी या. पन वेचू नका. तुमच्या मांगं मले दुसऱ्यांदा वेचा लागते.”